मागे नेता येतं, पण नेतो कोण?

"व्हिडिओ मागे नेता येतो, म्हणून मुलं वर्गापेक्षा नीट शिकतात," हा ऑनलाइन लेक्चरबद्दलचा तुमचा मुद्दा मला अर्धाच पटला.

माझा भाचा सांगलीत इंजिनिअरिंगला आहे, विश्रामबागला आमच्याकडेच राहतो. एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन उपक्रमाचा, १२ आठवड्यांचा कोर्स चाललाय. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवलेला, वेग दीडपट, पुढ्यात पोहे, वही मिटलेली. मागे नेणं राहिलं बाजूला, गडी पुढेच ढकलतो! विचारलं की, "मामा, समजलंय ओ." परवा व्हिडिओ थांबवून म्हटलं, हेच गणित कोऱ्या कागदावर सोडव. दुसऱ्याच पायरीला गाडी अडली.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात हेच दिसलं होतं. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं.

आठवायला लावणाऱ्या असाइनमेंट कोर्समध्ये असतात की. पण त्यांना २५ टक्केच वजन, बाकी ७५ केंद्रावरच्या परीक्षेला. त्यामुळे असाइनमेंटची उत्तरं व्हॉट्सॲपवर आयती फिरतात.

तासगावहून एसटीने ये-जा करणारा त्याचा मित्र मात्र डाउनलोड केलेलं लेक्चर परतताना पुन्हा ऐकतो, अडलं की थांबवतो. त्याच्यापुरतं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य.