शेतावर १२ व्होल्ट बॅटरीवर फ्री डिश: रात्री बॉक्स सारखा रिस्टार्ट होतो

शिवारवाला
घडीच्या स्टँडवर ६० सेंमीची छत्री, डीडी फ्री डिशचा बॉक्स आणि २४ इंची १२ व्होल्टचा टीव्ही. बॅटरी ४० एएचची, लेड-ॲसिड, सोलरवर चार्ज होते. बॅटरीपासून खोलीपर्यंत १० मीटर स्पीकरची वायर (अर्धा एमएम, म्हणजे अर्धा चौरस मिमी जाडीची), टीव्ही आणि बॉक्स दोन्ही तिच्यावरच. दिवसा झकास चालतं. अंधार पडला की बॉक्सचा लोगो येतो, बंद, परत लोगो. छत्रीची केबल काढली तर बॉक्स चालू राहतो. बॅटरीवर मीटर १२.२ दाखवतो. एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) गेला का?

तारजोड
एलएनबीवर संशय नंतर घ्या. आधी सगळं चालू ठेवून बॉक्सच्या पॉवरच्या पिनपाशी व्होल्टेज मोजा, बॅटरीपाशी नको. अर्धा एमएम तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०३६ ओहम. जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.७२ ओहम. टीव्ही २ अँपिअर आणि बॉक्स-एलएनबी मिळून पाऊण अँपिअर धरले तर वायरीतच २ व्होल्ट जातात. पिनवर उरतात १०.२. दिवसा चार्जिंगमुळे बॅटरी १३.८ च्या आसपास असते, म्हणून निभतं. एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट लागतात, ते बॉक्स १२ वरूनच वाढवून देतो. केबल जोडली की बॉक्स जास्त करंट ओढतो आणि व्होल्टेज आणखी पडतं.

छत्रीदुरुस्ती
हिशोब पटतो, पण केबल काढल्यावर चालतं म्हणजे केबल शॉर्टही असू शकते. बॉक्स बंद करा, केबल दोन्ही टोकांना सोडा, मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांत मीटरने कंटिन्युइटी बघा, म्हणजे दोन्ही कुठे टेकल्यात का ते. बीप वाजता कामा नये. घडीच्या स्टँडवर एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा पेचाचा जोड) दर वेळी पिळला जातो आणि जाळीचा एखादा केस मधल्या तारेला चिकटतो. टोक नवीन सोला, केस मागे दुमडा. आतलं तांबं हिरवं पडलं असेल तर पाणी शिरलंय, तेवढा तुकडा कापून टाका. केबल लावताना-काढताना बॉक्स बंदच हवा.

शिवारवाला
केबल ठीक आहे, बीप नाही. पिनवर टीव्ही चालू असताना १०.१, टीव्ही बंद केल्यावर ११.६, आणि तेव्हा बॉक्स छत्रीसकट चालतो. १२ व्होल्ट स्थिर देणारा कन्व्हर्टर लावू का?

तारजोड
दुखणं वायरचंच. नुसता कन्व्हर्टर लावलात तर तो कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढेल, वायरीत आणखी पडेल, परत तेच. आधी अडीच एमएमची तांब्याची वायर टाका, २ व्होल्टचे ०.४ होतील. जमलं तर टीव्हीला वेगळी जोडी. जोड पिळून टेप गुंडाळू नका. लग (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवा. मगच कन्व्हर्टर, बक-बूस्ट प्रकारचा (आत व्होल्टेज कमी आलं किंवा जास्त, बाहेर १२ च देणारा), बॉक्सजवळ: दुपारी सोलरचा चार्ज कंट्रोलर १४.४ पर्यंत चढतो, तेही बॉक्सपर्यंत पोचायला नको. ५ अँपिअरचा फ्यूज मात्र बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच हवा, खोलीत लावला तर मधली १० मीटर वायर शॉर्ट झाल्यावर त्याचा उपयोग नाही.

छत्रीदुरुस्ती
आणि रात्री टीव्ही चालू असताना बॅटरी ११.८ च्या खाली जाऊ देऊ नका, लेड-ॲसिड तशी लवकर बाद होते.