स्पिन शिकवायचा की नुसती मर्दुमकी?

फिरकी_नको: शेजारच्या धाग्यावर एकाने ठणकावलंय, "पाच स्पिन (एका पंखाची उचल जाऊन विमान गरगरत पडणं) मारल्याशिवाय सोलो (एकट्याने उड्डाण) देऊच नये." राहवलं नाही. ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) स्पिनमध्ये माणूस मारतो कुठे? शेवटच्या वळणावर, १०० मीटरच्या आसपास. एका फेऱ्यात जवळपास तेवढीच उंची जाते. तिथे तुमची रिकव्हरी (स्पिनमधून सावरणं) कोणत्या कामाची? अमेरिकेने १९४९ मध्येच प्रायव्हेट पायलटची स्पिन शिकण्याची सक्ती काढली, आता ती फक्त इन्स्ट्रक्टर होणाऱ्याला. स्टॉल (पंखांची उचल तुटणं) ओळखायला शिकवा, पुरे.

उलटा_रडर: रिकव्हरी होत नाही हे कोण नाकारतंय? तिथवर पोचतो कसा ते बघा. जमीन जवळ दिसली की बँक द्यायला (विमान कलवायला) हात धजत नाही. मग आतला रडर (शेपटाचं सुकाणू) दाबून नाक फिरवायचं, बँक वाढली की उलटा एलेरॉन (पंखावरची कलवणारी झडप), नाक पडलं की स्टिक (दांडा) पोटाकडे ओढायची. झाला स्पिन तयार! १००० मीटरवर हे मुद्दाम करवलं की आतला पंख कसा निसटतो ते अंगाला कळतं. सरळ स्टॉलमध्ये ते दिसतच नाही.

विंचवाला: १००० मीटर आणू कुठून? विंचवर (जमिनीवरून केबलने ओढून चढवताना) ३००-४०० मिळाले तरी नशीब. ओढून वर नेणाऱ्या टो प्लेनचं बिल तुम्ही भरणार? वर एएसके-२१ हे शिकवायचं दोनजणी ग्लायडर शेपटाला वजनं लावल्याशिवाय धड स्पिनमध्ये राहत नाही, लगेच स्पायरल (स्टॉल नसलेलं गोल घसरणं). वेग वाढतोय, जी (अंगावरचा भार) वाढतोय, आणि विद्यार्थी स्पिनसाठी पाठ केलेला पूर्ण उलटा रडर दाबून बसलाय. तिथे आधी पंख सरळ, मग हळू ओढ.

उलटा_रडर: मग वजनं लावा की.

विंचवाला: लावा म्हणे! एकेक किलोच्या चकत्या, दोघांच्या वजनावरून संख्या काढायची. उतरल्यावर काढायच्या राहिल्या आणि पुढे हलका विद्यार्थी एकटा बसला, तर सीजी (वजनाचा मध्य) मागच्या मर्यादेपलीकडे. मग स्पिन खराच शिकेल.

उलटा_रडर: चकत्या मोजता येत नसतील त्यांनी ग्लायडरला हात लावू नये.

विंचवाला: मोजायला माणूस कोण देतं? विंचवर एक, पंखाला एक, संपले.

फिरकी_नको: धागा चकत्यांचा झाला वाटतं.

वारेवाली: चकत्या सोडा. विंचवरच होणारा, टो प्लेनशिवायचा सराव कोणी बोलतच नाही. नाक ४५ अंश वर असताना केबल तुटली की स्टिक पुढे. पोटात हलकं वाटतं, विद्यार्थी त्यालाच स्टॉल समजून आणखी ढकलतो. दुसरी गोष्ट, नाक खाली आलं म्हणजे वेग आला असं नाही. अ‍ॅप्रोचचा (उतरण्याचा) वेग दिसेपर्यंत वळण नाही, एअरब्रेक (उतरताना पंखावर उघडणाऱ्या पट्ट्या) नाही. घाईने वळलात की तोच स्पिन, तोही १०० मीटरवर. रडर उलटा, एलेरॉन मध्ये, स्टिक पुढे हा सावरण्याचा क्रम पाठ असूनही.

फिरकी_नको: हे पटलं. पण हा स्पिनचा नाही, केबल तुटण्याचा सराव आहे, म्हणजे मी म्हणत होतो तेच.

उलटा_रडर: हो हो, तुम्हीच जिंकलात. वजनांची वही तेवढी विंचवाल्यांना पाठवा.