जुनी जपानी गाडी सांभाळताना: सातारा-सांगलीकरांचे अनुभव

नव्यासारखी करून घेतलेल्या जुन्या गाड्यांचे चकचकीत फोटो सगळीकडे दिसतात. पण ती गाडी पुढची दहा वर्षं चालती कशी ठेवायची, पार्ट कुठून आणायचे, कुणाच्या हाती द्यायची, हे मराठीत एका जागी सापडत नाही. म्हणून हा धागा.

आपल्या भागात दोन दारांची अस्सल जपानी स्पोर्ट्स कार दिसणं दुर्मीळच. परदेशातून वापरलेली गाडी आणायची तर नियमाने ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या नामांकित गाड्यांची वाट तिथेच बंद होते. आपल्या हाती आल्या त्या दमदार इंजिनाच्या सेडान: होंडा सिटी व्हीटेक, मित्सुबिशी लान्सर, सीडिया, मारुतीची जुनी बलेनो. या गाड्या ज्यांनी ठेवल्यात, विकल्यात, दुरुस्त केल्यात, त्या सगळ्यांनी लिहावं.

माझ्याकडे १.६ लिटरची जुनी बलेनो आहे, साताऱ्यात, एमएच-११. माझं ठाम मत असं, की गाडी किलोमीटरने कमी आणि उभी राहून जास्त खराब होते. उभ्या गाडीत ब्रेकच्या कॅलिपरचा पिस्टन अडकतो, टाकीत पेट्रोल शिळं होतं, ऑइल सील कोरडे पडून गळायला लागतात. म्हणून मी ती दर आठवड्याला यवतेश्वरच्या घाटातून कासच्या दिशेने नेऊन आणतो. इंजिन पूर्ण तापलं पाहिजे, एवढाच नियम. अंगणात पाच मिनिटं चालू करून बंद करणं मात्र वाईट. तेवढ्या वेळात सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून गंजतो.

वाई, लान्सर १.५

दादा, तुमचं मत पटतं, पण पावसाळ्यात मी ते पाळत नाही. जून ते सप्टेंबर माझी लान्सर शेडमध्येच असते. पाचगणी-महाबळेश्वरच्या पावसात गाडी काढली की चाकांच्या कमानीत लाल चिखल बसतो, आणि तो आतल्या कडेत ओला राहून पत्रा खातो. बाहेरून रंग ठीक दिसतो, आत मात्र हाताला भुसा लागतो. बाहेर काढलीच, तर घरी आल्यावर कमानी आतून पाण्याच्या मोठ्या झोताने धुवायच्या आणि दाराखालची भोकं तारेने मोकळी करायची. दारात शिरलेलं पाणी त्याच भोकांतून बाहेर पडतं.

आता घाटाविषयी. पसरणी घाट उतरताना खूप लोक सतत ब्रेक दाबत येतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशाला उकळतं, पुरेशी ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. तापलेल्या कॅलिपरमध्ये त्याची वाफ झाली की पेडल थेट खाली जातं. दोन वर्षांनी ऑइल बदलणं हा माझा पक्का नेम आहे, गाडी चाललेली असो वा नसो. आणि उतारावर दुसरा गिअर.

लान्सरचं का वेड, असं घरचे विचारतात. हिंदुस्थान मोटर्सने १९९८ पासून ती चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरला बांधली. त्याच पिढीच्या लान्सरवरून केलेल्या इव्होल्यूशन गाड्यांवर टॉमी मॅकिनेनने १९९७ ते १९९९ अशी लागोपाठ जागतिक रॅली शर्यतीची विजेतेपदं मिळवली, आणि १९९६ चंही त्याचंच होतं. माझ्या गाडीत ते इंजिन नाही, ती ताकदही नाही. पण मागचं मल्टिलिंक सस्पेन्शन घाटाच्या वळणावर जे काम करतं, ते एकदा शेजारी बसून बघा.

सातारा, गॅरेज

मी सांगतोय आणि पोरगी लिहून घेतीय. माझ्याकडं सिटी व्हीटेक बऱ्याच येत्यात. पहिली गोष्ट, टायमिंगचा पट्टा. सेकंडहँड गाडी घेतली की मागच्या मालकानं काय सांगितलं ते बाजूला ठेवायचं आन् पट्टा बदलायचा. त्याच्यासंगं टेन्शनर आन् वॉटर पंप पण, कारण पंप त्याच पट्ट्यावर फिरतोय. पंप जाम झाला तर नवा पट्टा सुद्धा जातोय. पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत्यात आन् हेड उतरवावं लागतंय. पट्टा किलोमीटरवर जातो तसा वयावर पण जातो. गाडी कमी फिरलीय म्हणून पट्टा चांगला, असं समजायचं न्हाई.

दुसरी गोष्ट पोरांना सांगतो. त्या होंडाचं इंजिन पुलीकडनं बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतंय. बाकीच्या गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री सवयीनं उलटीकडं पाना लावतो आन् टायमिंगच्या खुणा चुकत्यात. पुलीचा बोल्ट लई घट्ट असतोय, पुली धरायचं हत्यार नसंल तर हातच लावू नये.

टॅपेट, म्हंजी व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावरच सेट करायचे. रातभर गाडी ठेवून जा म्हणलं की गिऱ्हाईक कुरकुर करतंय, पर गरम इंजिनावर केलेलं माप खरं येत न्हाई. आन् व्हीटेक म्हंजी इंजिन जोरात फिरलं की व्हॉल्व्ह जास्त उघडायची होंडाची युक्ती. कुणी म्हणलं व्हीटेक लागत न्हाई, की आधी डिपस्टिक काढून बघा. तेलाच्या दाबावरच त्यातली पिन सरकते आन् मोठा कॅम लागू होतो. तेल कमी किंवा घाण असंल तर ते होत न्हाई. त्यो तेलाचा दाब सोडणाऱ्या सोलेनॉइडच्या बुडाला बारीक जाळी असते, तिच्यात गाळ बसतोय. लोक सेन्सर बदलत बसत्यात आन् जाळी कुणी बघत न्हाई.

कराड, सिटी १.५ व्हीटेक, २००१

मिस्त्रीकाका, जाळीचं वाचून लगेच बघून घेतलं. धन्यवाद.

होंडाने व्हीटेक पहिल्यांदा १९८९ साली इंटेग्रात आणलं. माझ्या गाडीतलं त्यामानाने साधं, एका कॅमशाफ्टचं, १०६ अश्वशक्तीचं. तरीही कराड सोडून मोकळ्या हायवेला लागल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये काटा वर चढतो आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलतो, तेव्हा मला अजूनही हसू फुटतं. माझा मुलगा त्या आवाजाची वाट बघत मागे बसलेला असतो.

एकच उपयोगाची गोष्ट लिहितो. कडक उन्हात उभी केलेली गाडी स्टार्ट होत नसेल, सेल्फ फिरतोय, पण इंजिन पकडत नाही, आणि संध्याकाळी तीच गाडी एका चावीत सुरू होते, असं असेल तर फ्युएल पंप बदलण्याआधी त्याला वीज देणारा मेन रिले उघडून बघा. पंचवीस वर्षांत डॅशबोर्डखालच्या त्या डब्यातल्या सोल्डरच्या टाक्यांना केसासारख्या भेगा पडतात आणि उष्णतेने त्या उघडतात. चावी ऑन केल्यावर मागून पंपाचा दोन सेकंदांचा आवाज येतो का, ते ऐका. टीव्ही दुरुस्त करणारा जुना माणूस हे टाके पुन्हा मारून देतो.

सांगली, सिटी व्हीटेक

माझा अनुभव पुराचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. आम्ही गावभागात. माणसं आधी काढली, गाडी राहिली, आणि पाणी सीटपर्यंत आलं.

पाणी ओसरल्यावर शेजारी चावी फिरवून बघा म्हणत होते. माझ्या भावाने बॅटरीची तार काढून टाकली आणि कुणाला हात लावू दिला नाही. त्यामुळेच इंजिन वाचलं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही प्लग काढले, इंजिन पान्याने हाताने फिरवलं, प्लगच्या भोकांतून गढूळ पाणी बाहेर आलं. इंजिन ऑइल चहाच्या रंगाचं झालं होतं. ते ओतून नवं स्वस्त ऑइल घातलं, फिरवलं, तेही ओतलं, आणि स्वच्छ निघेपर्यंत हेच केलं. गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, टाकी, सगळं रिकामं केलं.

खरा घोर ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा होता. या गाडीत तो पुढच्या प्रवाशाच्या पायाशी, गालिच्यामागे असतो, म्हणजे पाणी आधी तिथेच पोचतं. उघडला तर आतल्या सर्किटच्या पाटीवर गाळाचा थर. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुतला, सावलीत वाळवला. एका पिनेला हिरवा गंज धरला होता, ती मिरजेतल्या एका कारागिराने जोडून दिली. गालिचे, सीटचा फोम, दारांचे पुठ्ठे हे मात्र फेकावेच लागले. ओला फोम वरून वाळतो, आतून वाळत नाही, आणि खालचा पत्रा सडत राहतो.

गाडी चालू झाली त्या दिवशी आई रडली. ती वडिलांनी घेतलेली होती.

२०२१ च्या जुलैत पाणी चढायच्या बातम्या सुरू झाल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी ती मिरजेला मावशीकडे नेऊन ठेवली. नदीकाठच्या सगळ्यांना सांगणं: कोयनेचा विसर्ग वाढल्याचं कळलं की गाडी हलवा, पुलाचा आकडा बघत थांबू नका.

वाळवा तालुका, सीडिया

मी ऊस पिकवतो. आमच्या भागातल्या कारखान्यांत इथेनॉल होतं, आणि त्यामुळे उसाचे पैसे सुटायला मदत होते, हे मी मान्य करतो. तेच इथेनॉल पेट्रोलात २० टक्के येऊन माझ्या गाडीत जातं. २००६ नंतरची असली तरी सीडिया त्या मिश्रणासाठी बनवलेली नाही. दोन्ही बाजू माझ्याच घरातल्या आहेत, म्हणून तक्रार न करता उपाय लिहितो.

इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ सोडवून आणतं. मी टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी पाइप बदलले. इंजेक्शनच्या दाबाला चालणारा, एसएई आर-९ मानकाचा पाइप मागायचा. साधा मीटरवर मिळणारा घेऊ नये. फिल्टर लगेच बदलला, आणि मळ आला असणार म्हणून थोड्या दिवसांनी पुन्हा. टाकी भरलेली ठेवतो, कारण रिकाम्या जागेतल्या हवेतली ओल इथेनॉल ओढून घेतं. पाणी जास्त झालं तर इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. अ‍ॅव्हरेज थोडं उतरलं, ते उतरणारच. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते.

कुपवाड एमआयडीसी, लेथ

गाडी माझी नाही, पण तुमच्यासारख्यांचे पार्ट माझ्याकडे येतात. सस्पेन्शनचे बुश, थर्मोस्टॅटचं तुटलेलं घर, खिडकीच्या यंत्रणेतलं झिजलेलं बटण, असलं मी करून देतो. नमुना म्हणून दोन्ही बाजूंचे तुकडे आणा. एकाच झिजलेल्या तुकड्यावरून मूळ माप सांगता येत नाही. बुशमध्ये रबराचा कडकपणा महत्त्वाचा. फार कडक केला तर गाडी हातात छान वाटते, पण आर्मचा पत्रा तडकतो. ब्रेक आणि स्टिअरिंगचा कुठलाही भाग मी करत नाही, कितीही ओळखीचा माणूस आला तरी. बोअरिंग आणि हेडच्या कामाला मी लोकांना कोल्हापूरच्या उद्यमनगरला पाठवतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या तेच काम चालतं.

जत

आमच्याकडे पाऊस नाही, ऊन आहे. पत्रा अजून कोरा आहे, पण डॅशबोर्ड तडकला, दारांची रबरं पिठासारखी झाली आणि दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या. धूळ एवढी की एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीच्या निम्म्यातच बदलतो. गाडीवर कापडी आच्छादन घालत असाल तर आधी धूळ झटका, नाहीतर वाऱ्याने तेच कापड रंग घासतं.

मिरज, कागदपत्रांविषयी

नवऱ्याची गाडी, कागद माझ्याकडे. जुन्या गाड्यांवर सरसकट बंदी आली अशा अफवा दरवर्षी येतात. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची ती अट दिल्ली परिसरातली. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. फॉर्म २५ भरायचा, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत. उशीर झाला तर कारला महिन्याला ५०० रुपये जादा. पूर्वी ६०० रुपयांत होणाऱ्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारना १०,००० केलं. पर्यावरण कर वेगळा. ‘व्हिंटेज’ म्हणून सवलत मिळेल का, असं बरेच जण विचारतात. त्याला गाडी ५० वर्षांहून जुनी लागते.

मूळची साताऱ्याची, सध्या हिरोशिमा

आई-बाबा शाहूपुरीत असतात, मी इथे नोकरीला. माझ्याकडे १९९० ची माझदा रोडस्टर आहे, १.६ लिटरची, उघडणारे दिवे असलेली. वजन ९४० किलोच्या आसपास, त्यामुळे ताकद बेताची असूनही गाडी हाताच्या इशाऱ्यावर वळते.

इथे सगळं सोपं असेल असं वाटतं, पण तेरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीचा वार्षिक कर सुमारे १५ टक्के वाढतो आणि दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ तपासणी असते. मात्र माझदा कंपनीने २०१८ पासून याच पिढीच्या रोडस्टर नूतनीकरणासाठी घ्यायला सुरुवात केली आणि बंद झालेले पार्ट पुन्हा बनवले. १४ इंची मूळ नमुन्याचे टायरसुद्धा ब्रिजस्टोनने परत काढले. आपल्याकडे हेच काम कुपवाडचे दादा एकट्याने लेथवर करतायत, हे वाचून मला फार अभिमान वाटला.

वाईच्या दादांनी दाराच्या भोकांचं लिहिलं, तसंच माझ्या गाडीचं. कापडी छतावरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्या पानांनी तुंबल्या की पाणी चौकटीच्या पोकळीत उतरतं आणि दाराखालच्या उंबऱ्याचा पत्रा आतून जातो. शरद ऋतूत पानगळ संपली की मी पहिल्यांदा त्या नळ्या साफ करते.

तासगाव

सगळे अनुभव वाचले. मी इंजिनिअरिंगला आहे. गावात बेदाण्याच्या गोडाऊनमध्ये एक लान्सर बरीच वर्षं उभी आहे, मालक द्यायला तयार आहेत. पेट्रोल, १.५. काय बघू?

वाई, लान्सर १.५

आधी कागद. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतः टॉर्च लावून जुळव. मग लोहचुंबक घेऊन उंबरे आणि चाकांच्या कमानी तपास. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट बघ, तेलकट असेल तर हेड गॅस्केटचा खर्च धरून बोल. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. त्यावरून गाडी खरंच किती वर्षं हललेली नाही याचा अंदाज येतो. पार्टसाठी पुण्याची नाना पेठ आणि दिल्लीचं काश्मिरी गेट, दोन्हीकडचे माझे ओळखीचे दुकानदार आहेत, फोन करून देईन.

या रविवारी मी सांगलीला येणारच आहे, तासगाववरून जातो. टाकीतलं जुनं पेट्रोल काढायला कॅन आणि प्लगचा पाना आणतो. तू नवी बॅटरी आणि चार लिटर ऑइल आणून ठेव. तोवर कुणालाही सेल्फ मारू देऊ नकोस.