२५ के६ चा शाफ्ट, तरी बेअरिंग हातानेच बसलं

प्रश्न
भोसरी एमआयडीसीत लेथवर आहे, दीड वर्ष झालं. शाफ्ट २५ के६ (२५ मिमी व्यास, के६ हा टॉलरन्स), त्यावर ६२०५ बेअरिंग, तेही २५ मिमीच्या शाफ्टचं. तक्त्यात के६ म्हणजे माप २५ पेक्षा +०.००२ ते +०.०१५ मिमी जास्त चालतं, एवढा पट्टा. काल फिनिश कट झाल्या झाल्या मायक्रोमीटर लावला, २५.००५ आलं. आज सकाळी बेअरिंग हातानेच सरकलं. असेंब्लीवाला म्हणतो, ‘के६ ट्रान्झिशन फिट आहे, कधी सैल, कधी घट्ट. शाफ्टला पंचाने टोचे मारून धातू उठवू, मग घट्ट बसेल.’ चालेल का?

उत्तर १ (टूलरूम, पिंपरी, २८ वर्षं)
पंच मारू देऊ नकोस. उठलेल्या टोकांवर रिंग टेकते, बाकी सगळी अधांतरी राहते.

अक्षर म्हणजे पट्टा शून्यापासून कुठे आहे ते, आकडा म्हणजे तो किती रुंद. २५ला एच७ होल (भोकाचा टॉलरन्स) ० ते +२१ मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग. त्यात के६ शाफ्ट १९ मायक्रॉन सैलही निघेल, १५ मायक्रॉन घट्टही. ट्रान्झिशन ते हे. पण बेअरिंगचा बोअर, म्हणजे आतलं भोक, एच७ नसतो रे! साध्या क्लासचं ६२०५ घेतलंस तर तो २५.००० ते २४.९९०, म्हणजे शून्याच्या खाली. तुझा सगळ्यात बारीक शाफ्ट २५.००२ आणि सगळ्यात मोठा बोअर २५.०००, तरी २ मायक्रॉन घट्टच. के६वर बेअरिंग सैल बसूच शकत नाही. बसलं, तर शाफ्ट के६ नाही.

आता सांग, मापताना जॉब गरम होता का?

प्रश्नकर्ता
हो काका, कूलंटचा पंप बंद होता. फडक्यात धरून मापला. आत्ता परत मापला, २४.९९३!

उत्तर १
मग तिथेच घोळ झाला. स्टील मीटरला एका अंशामागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. २५ मिमीचा जॉब ४० अंश जास्त गरम असला की ११-१२ मायक्रॉन फुगलेला दिसतो, आणि के६चा सगळा पट्टा १३ मायक्रॉनचा! माप २० अंशांचं धरलेलं असतं. जॉब आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर थंड होऊ दे, मगच मोज. हा शाफ्ट बाजूला ठेव, नवा कर.

उत्तर २ (मेंटेनन्स, चाकण)
काकांचं ऐक. सैल आतली रिंग शाफ्टवर सरकत फिरते. मी उघडलेल्या एका पंपात बेअरिंगखाली लालसर भुकटी होती, आणि शाफ्टला नखाला लागेल एवढी पायरी पडली होती.

प्रश्नकर्ता
नवा केला. अर्धा तास थांबून मापला, २५.००८. बेअरिंग तापवूनच चढवावं लागलं.