‘एनर्जेटिक’ एकट्याने किती ओझं वाहायचं?

शब्दखोर: एका तरुण सहकाऱ्यासाठी शिफारसपत्र लिहीत होतो. ‘एनर्जेटिक’ तीनदा आला, म्हणून समानार्थी शब्दांच्या यादीतून ‘स्प्राय’ उचलला. अर्थ दिला होता चपळ, उत्साही. पत्र तपासणाऱ्या इंग्रजीभाषक बाईंना हसू आवरेना. ‘स्प्राय’ म्हणतात ते ऐंशीच्या घरात काठीशिवाय जिना चढणाऱ्या आजोबांना! माझा उमेदवार सत्तावीस वर्षांचा. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: याद्या पाठ करणं सोडा, कोणता शब्द कोणाला लागतो ते शिका. ‘व्हिव्हेशस’ (उत्साहाने सळसळणारी) बहुतेक बायकांबद्दलच वाचायला मिळतो. ‘ब्रिस्क’ (झपझप, जोमदार) चाल असते, वारा असतो, धंदा असतो. माणसाच्या बोलण्याला लावलात तर तो तुटक बोलतो असं होतं.

कामापुरता: अजिबात पटलं नाही. परकी भाषा शिकताना सुरुवात यादीनेच होते, आईच्या मांडीवर बसून इंग्रजी शिकलेले आपण थोडेच आहोत? आणि ‘एनर्जेटिक’ने कोणाचं काय घोडं मारलंय? तोच चौथ्यांदा लिहिला असता तर कोणी हसलं नसतं.

शब्दखोर: हे मात्र बरोबर बसलं. पण मराठीत आपण एकाच शब्दावर भागवतो का? चुणचुणीत म्हटलं की पोरच डोळ्यासमोर येतं, टवटवीत म्हटलं की चेहरा नाहीतर फूल. उद्योगी माणूस चांगला, पण त्याने ‘नसते उद्योग’ केले की संपलं. खटपट्याचं कौतुक चाललंय की टिंगल, ते बोलणाऱ्याच्या सुरावरून कळतं. हे कुठल्या यादीने शिकवलं?

मुळाशी: दोघंही वरवर पाहताय. ‘एनर्जी’मध्ये ग्रीक ‘एर्गोन’ आहे, म्हणजे काम. ॲरिस्टॉटलचा ‘एनेर्गेइया’ (प्रत्यक्ष कृतीत असणं) त्यातूनच आला. भौतिकशास्त्रातल्या ऊर्जेसाठी हा शब्द इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने वापरला तो थेट १८०७ मध्ये. ‘क्विक’चा जुना अर्थ तर जिवंत. पाऱ्याला ‘क्विकसिल्व्हर’ म्हणतात ते उगाच नाही, हातावर घ्या आणि बघा कसा पळतो (खरंच घेऊ नका, विषारी असतो). आपला ‘जीव’ आणि त्यांचा ‘क्विक’ एकाच मुळाचे. एवढं कळलं की शब्द विसरत नाही.

कामापुरता: विसरत नाही, पण वापरताही येत नाही. ‘हेक्टिक’ एकेकाळी क्षयरोग्याच्या तापाला म्हणायचे, आज धावपळीच्या दिवसाला म्हणतात. ‘एन्थुझिॲझम’ म्हणजे मुळात देव अंगात येणं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्रजीत धर्मवेडाबद्दल नाक मुरडताना हा शब्द यायचा. आता नोकरीच्या जाहिरातीत तोच गुण मागतात. मुलाखतीला अंगात आणून जायचं का?

मुळाशी: काही जण जातात तसेच. गंमत सोडा. ‘अंगात येणं’ ऐकल्यावर तो शब्द तुमच्या डोक्यातून आता जाईल का, सांगा.

बसल्याजागी: मला या शब्दांची दुसरीच बाजू दिसते. सगळे कौतुकाचे वाटतात, पण आत सुई असते. शाळेच्या प्रगतिपुस्तकात पोर ‘लाइव्हली’ असेल, तर बाईंचा घसा बसलाय असं समजावं. बैठकीत ‘लाइव्हली’ चर्चा झाली म्हणजे भांडण झालं, फक्त खुर्च्या उडाल्या नाहीत. ही सुई ना यादीत सापडते ना मुळात, म्हणून माझं मत शब्दखोरांना. मात्र मला स्वतःला सगळीकडे ‘ॲक्टिव्ह’ पुरतो. मी तेवढीही नाही.

कामापुरता: शब्दखोर, त्या पत्रात शेवटी काय घातलंत?

शब्दखोर: विशेषण काढूनच टाकलं. लिहिलं, संध्याकाळी सांगितलेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर असतं.