मदत हवी आहे : भूजलाच्या जुन्या नोंदी कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, भाचीला अकरावीच्या प्रकल्पासाठी ‘लोकसंख्यावाढ आणि पर्यावरण’ हा विषय मिळालाय. जगाचं जमलं : १९७४च्या सुमारास आपण ४ अब्ज होतो, २०२२मध्ये ८ अब्ज झालो. पण सगळं खापर डोक्यांच्या संख्येवर फोडणं मला काही पटत नाही. भारताचा जननदर (म्हणजे एका बाईमागे सरासरी किती मुलं) २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २.० वर आलाय, आणि सरासरी अमेरिकन माणूस आपल्या कित्येक पट कार्बन हवेत सोडतो. (आमच्या मजल्यावरच दोघांच्या घरात तीन एसी आहेत, असो.)

अडलंय ते पुण्यापाशी. महापालिका हद्दीत २०११ला ३१ लाख लोक. त्यानंतर कितीतरी गावं हद्दीत आली, त्यामुळे तुलना कशाशी करायची? वाघोलीतल्या आमच्या सोसायटीत वॉचमनकाका टँकर आला की वहीत वेळ आणि लिटर लिहून सही घेतात. त्यावरून माणशी पाणी काढायचं तिने ठरवलंय. सोबत बोअरच्या पातळीच्या जुन्या नोंदी हव्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पुण्यातल्या ऑफिसात विद्यार्थ्यांना त्या देतात का? कॉलेजचं पत्र लागतं का? कुणी आणल्या असतील तर प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात जमा करायचंय.