शिक्षकाने तयार केलेले साहित्य विकिमीडियावर खुले करावे का?

निवृत्त शिक्षिका, नौपाडा (ठाणे)
नमस्कार. मराठी शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले. मुलांना ठाणे खाडीच्या काठी नेले होते तेव्हाची खारफुटीची छायाचित्रे, तिवराच्या श्वसनमुळांच्या हाताने काढलेल्या आकृत्या आणि आठवी-नववीची टिपणे माझ्याकडे आहेत. हे सारे विकिमीडियावर, म्हणजे विकिपीडिया आणि तिच्या भावंड प्रकल्पांवर, सर्वांसाठी मोफत ठेवावे, असे फार मनात आहे. मात्र काही वर्षांपूर्वी माझीच एक आकृती एका गाइडमध्ये माझ्या नावाशिवाय छापलेली पाहिली आणि तेव्हापासून मन कचरते. विकिमीडिया फाउंडेशनला साहित्य दिले, तर त्यावरचा माझा हक्क जातो का? उद्या कोणी ते विकले तर?

वाशीकर
बाई, मुळात आपण साहित्य फाउंडेशनच्या मालकीचे करून देत नाही. २००३ साली स्थापन झालेली ही ना-नफा संस्था सर्व्हर, सॉफ्टवेअर आणि कायदेशीर बाजू सांभाळते. लेख लिहिणे, चुका सुधारणे, काय ठेवायचे नि काय वगळायचे हे ठरवणे, ही कामे त्या त्या प्रकल्पावरचे स्वयंसेवक करतात.

छायाचित्रे आणि आकृत्या ‘विकिमीडिया कॉमन्स’ या खुल्या चित्रसंग्रहावर चढवाव्यात. तिथे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देशन-समवितरण’ हा परवाना निवडल्यास स्वामित्वहक्क तुमचाच राहतो, वापरणाऱ्याला तुमचे नाव द्यावेच लागते आणि त्याने आकृतीत फेरफार करून ती प्रसिद्ध केली, तर तीही त्याच परवान्याखाली खुली ठेवावी लागते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तुम्हाला रुचणार नाही: हो, विकता येते. व्यावसायिक वापराला मनाई करणारा परवाना कॉमन्सवर चालत नाही आणि एकदा दिलेला परवाना मागेही घेता येत नाही. मलाही हे आधी खटकले होते. पण तशी मनाई असती, तर छपाईचा खर्च भरून काढण्यापुरती किंमत लावून पुस्तिका काढणाऱ्यालाही तुमची आकृती घेताना दहादा विचार करावा लागला असता. नाव गाळून छापणे हा परवान्याचा भंगच ठरतो आणि तुम्ही चित्र कोणत्या दिवशी चढवले, याची नोंद तिथे सर्वांना दिसते.

ज्या छायाचित्रांत मुलांचे चेहरे ओळखू येतात, ती कृपया बाजूला ठेवा.

ऐरोलीचा पक्षीनिरीक्षक
टिपणांबद्दल थोडे सांगतो. विकिपीडियावर ती जशीच्या तशी घेतली जाणार नाहीत, कारण तिथल्या मजकुराला प्रकाशित संदर्भाचा आधार लागतो. ठाणे खाडीचा २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) समावेश झाला, हे वाक्य संदर्भासह टिकते. यंदा रोहित पक्षी कमी दिसले, हे माझे स्वतःचे निरीक्षण कितीही खरे असले तरी टिकत नाही. सलग धड्यांच्या रूपातले लेखन ‘विकिबुक्स’ या खुल्या पुस्तकांच्या प्रकल्पाला अधिक शोभेल. पाठ्यपुस्तकातून गिरवलेली आकृती मात्र चुकूनही चढवू नका. तिचा हक्क प्रकाशकाकडे असतो.

निवृत्त शिक्षिका, नौपाडा (ठाणे)
दोघांचेही मनापासून आभार. हक्काची शंका फिटली. चेहरे असलेली छायाचित्रे आजच वेगळी काढली. तिवराची आकृती मी प्रत्यक्ष रोप समोर ठेवून काढलेली आहे, तेव्हा सुरुवात तिच्यापासूनच करते. तिच्यावर ‘श्वसनमुळे’, ‘भरतीची रेषा’ अशी नावे शाईने लिहिली आहेत. ती तशीच राहू द्यावीत का?

वाशीकर
राहू द्या, ती मराठी शाळांना हवीच आहेत. मात्र नावे नसलेली आणखी एक प्रत चढवा, म्हणजे कानडी किंवा बंगाली शिक्षकाला आपल्या भाषेतली नावे त्यावर घालता येतील.